पश्चिमेची खिडकी आणि भाकरीचा ओटा

घराच्या सजावटीबद्दल यावेळी पत्रं लई आलीत, आणि निम्म्याहून जास्त पत्रांसोबत फोटो. कुणाचं स्वप्नातलं किचन, कुणाचा पांढराशुभ्र हॉल, एका बाईंनी तर बाथटबचा फोटो पाठवलाय आणि खाली लिहिलंय "ताई बसेल का?" टब बसेल हो, त्यात भरायला पाणी कुठनं आणणार ते आधी सांगा. असो. सगळ्यांना उत्तर देणं काही जमत नाही, पाच पत्रं घेतलीत. पहिल्यालाच बरीच जागा गेली कारण तोच प्रश्न जरा फिरवून फिरवून बऱ्याच जणींनी विचारलाय.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात टू बीएचके घेतलाय, चौथा मजला, वर डायरेक्ट गच्ची. मला आधी घर सजवणं वगैरे प्रकारात काही इंटरेस्ट नव्हता, पण गेल्या दिवाळीत एकदा रात्री मोबाईलवर घरांचे फोटो बघायला लागले आणि वेडच लागलं, आता रोज मुलं झोपली की तासभर तेच. ३८० फोटो सेव्ह झालेत. सगळं पांढरं आणि राखाडी, हॉलला भिंतभर काच, प्रत्येक खोलीत फॉल्स सीलिंग आणि ओपन किचन असं माझ्या डोक्यात आहे. हॉल आणि एक बेडरूम पश्चिमेला येतात. कॉन्ट्रॅक्टरने साडेनऊ लाखाचं इस्टिमेट दिलंय, त्यात सीलिंगच सव्वादोन लाखाचं. मिस्टर म्हणतात एवढे नाहीत. सासूबाई काहीच बोलत नाहीत, फक्त मधनंमधनं विचारतात की भाकरी कुठं थापायची. सुरुवात कशापासून करू?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य सासूबाईंचं आहे, पण त्याच्याकडे नंतर येते, आधी त्या ३८० फोटोंकडे.

फोटो बघायला काही हरकत नाही, मीपण बघते, मलाही रात्रीचा एक वाजतो कधीकधी. फक्त पुढच्या वेळी बघताना सोफा बघू नका, उजेड बघा. त्या फोटोत सावल्या कशा पडल्यात, खिडकीबाहेर आभाळ कसलं आहे. ती पांढरी-राखाडी घरं बहुतेक उत्तर युरोपातली किंवा त्यांची नक्कल केलेली असतात, आणि तिथं डिसेंबरात स्टॉकहोमसारख्या गावात दिवस जेमतेम सहा तासांचा. त्या लोकांना मिळेल तेवढं ऊन घरात ओढून घ्यायचं असतं म्हणून भिंतभर काच आणि पांढऱ्या भिंती. आपल्याकडं वर्षातला सगळ्यात छोटा दिवससुद्धा अकरा तासांचा आहे आणि मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. त्यांनी उन्हाला बोलवायला घर बांधलंय, आपल्याला त्याला दारातनं परत पाठवायचंय, म्हणजे तोच फोटो आपल्याकडं उलटा वाचायचा.

आता तुमचं घर. चौथा मजला, वर गच्ची आणि हॉल पश्चिमेला म्हणजे उन्हानं दोन्ही बाजूनी धरलंय तुम्हाला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, साधारण ११-१२ तारखेला, दुपारी साडेबाराच्या आसपास सोलापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, गच्चीत उभं राहिलात तर स्वतःची सावली पायाखाली जाते. त्यावेळी सगळं ऊन स्लॅब खातो. मग दुपारी तीननंतर तेच ऊन तिरकं होऊन पश्चिमेच्या भिंतीवर आणि काचेवर येतं ते पार सूर्य मावळेपर्यंत. आणि भिंत-स्लॅबनी दुपारी जे खाल्लं ते रात्री दहा-अकरा वाजता तुमच्या अंगावर ओकतात. एखाद्या रविवारी दुपारी तीनला रिकाम्या फ्लॅटमध्ये चटई टाकून अर्धा तास बसा, मग रात्री दहाला परत जाऊन त्याच भिंतीला हात लावा. हे इस्टिमेटवर सही करायच्या आधी.

जाता जाता एक, कारण विचारणारच कुणीतरी. लोक वास्तूच्या नावाखाली दक्षिणेच्या खिडक्या बंद करून टाकतात. पण भर मे महिन्यात आपल्याकडं दक्षिणेच्या खिडकीतनं ऊन आत येतच नाही जवळजवळ, सूर्य डोक्यावर असतो. थंडीत येतं, तेव्हा ते हवंच असतं. दुखणं आहे ते पश्चिमेचं, आणि तिथं मात्र सगळ्यांना भिंतभर काच पाहिजे.

तर पहिला पैसा गच्चीवर. गच्ची सोसायटीची असते, त्यामुळे परवानगी काढा, आणि वरच्या मजल्यावरचे बाकीचे फ्लॅटवालेपण तेवढेच भाजत असणार, त्यांना सोबत घ्या, खर्च वाटला जाईल. आधी कोबा कुठं फुटलाय का, पाणी कुठं साठतं ते बघा, ते दुरुस्त झाल्याशिवाय वरनं काही मारू नका. मग पांढरं करा. सगळ्यात स्वस्त म्हणजे चुनकळी रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा फेविकॉल घालून जाड ब्रशनं दोन-तीन हात, संध्याकाळी स्लॅब निवल्यावर. हे एका पावसाळ्यात धुऊन जातं, दरवर्षी फेब्रुवारी-मार्चात परत करायचं. जरा जास्त पैसे असतील तर ऊन परतवणारा पांढरा रंग मिळतो तो काही वर्षं टिकतो, आणि कायमचं हवं असेल तर चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाईल्सचे तुकडे. आत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो, कधी जास्तपण. तेलंगणानं तर २०२३ साली अशा गच्च्यांसाठी सरकारी धोरणच काढलं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच घरांचे नातेवाईक तिकडं आहेत, विचारा त्यांना. फक्त एक, धूळ बसली की पांढरं पांढरं राहत नाही, उन्हाळ्याच्या आधी एकदा गच्ची धुवायची.

दुसरा पैसा पश्चिमेच्या खिडकीवर, आणि तो बाहेरनं. आतनं कितीही जाड पडदा लावला तरी ऊन काचेतनं आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि खोलीतच गरम होत बसतो. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला पाहिजे. आणि पश्चिमेला नुसता छज्जा उपयोगाचा नाही बरं का, संध्याकाळचं ऊन इतकं खाली येतं की छज्ज्याच्या खालनं सरळ आत शिरतं. बाहेरनं बांबूची चिक सोडा, नाहीतर उभ्या पट्ट्यांचं ग्रिल करून घ्या, बाल्कनी असेल तर वाळ्याचे पडदे, संध्याकाळी त्यावर पाणी मारलं की वासच असा येतो की एसी विसराल. भिंतभर काच रद्द. आहे ती खिडकी पुरे.

तिसरं, कुलरची जागा. एप्रिल-मेमधली आपली हवा कोरडी म्हणून कुलर मस्त चालतो इथं, मुंबईत तो चालणार नाही. पण कुलर खिडकीत बाहेरच्या बाजूला पाहिजे आणि समोरची दुसरी खिडकी चार बोटं उघडी पाहिजे, नाहीतर नुसता दमटपणा कोंडतो आणि लोक कुलरला शिव्या देतात. इंटिरिअरवाले डिझाईन करताना कुलर नावाची वस्तू जगात आहे हेच विसरतात. मग मे महिन्यात त्या सुंदर हॉलच्या मधोमध एक पत्र्याचा डबा घरघरत असतो.

आता फॉल्स सीलिंग. उन्हापासून थोडा आडोसा होतो हे खरं, वर हवेचा थर राहतो ना. पण गच्ची पांढरी न करता सव्वादोन लाख खाली घालणं म्हणजे तापलेल्या तव्याखाली कापड धरणं. शिवाय फ्लॅटची उंची साडेनऊ फुटाच्या आसपास, त्यातनं सहा इंच गेली की पंखा डोक्यावर येतो, आणि वरच्या मजल्याला एक पाऊस जरी गळला तरी पीओपीवर नकाशा उमटतो. हॉलमध्ये फक्त कडेनं एक पट्टी करा लायटीसाठी, मधला भाग मोकळा. बेडरूमला नको. वाचलेल्या पैशात सगळे पंखे बीएलडीसी घ्या, जुना पंखा ७०-८० वॅट खातो आणि हा तीसच्या आसपास, आणि आपल्याकडं मार्च ते जून पंखा बंद कधी होतो सांगा.

रंग राखाडी नकोच. आपल्या उजेडात तो सिमेंटसारखा दिसतो, गिलावा राहिलाय की काय असं वाटतं. आपल्या जुन्या घरांत चुन्यात चिमूटभर नीळ घालून भिंती मारायचे, तो गारवा डोळ्याला लागायचा. तसला काहीतरी, किंवा ताकासारखा पांढरा.

आणि आता सासूबाई. माझीच गोष्ट सांगते, लाज वाटते पण सांगते. मी स्वतःचं घर केलं तेव्हा एका चित्रातलं किचन जसंच्या तसं उचललं होतं, ओटा ३६ इंच, वर पांढरा चकचकीत ग्रॅनाईट. आई राहायला आली. पहिल्याच दिवशी भाकरीला उभी राहिली, परात ओट्यावर ठेवली, पिठाचा गोळा मळला आणि थापायला लागली तर खांदे कानापर्यंत वर. दोन भाकरी केल्या, काही बोलली नाही. तिसऱ्या भाकरीला देवघरातला पाट आणला, ओट्याखाली ठेवला, त्यावर उभी राहिली आणि बाकीच्या आठ केल्या. मी घरं करते म्हणून गावभर मिरवत होते आणि माझी आई माझ्या किचनमध्ये पाटावर उभी.

भाकरी ही पोळीसारखी लाटायची गोष्ट नाही. ज्वारीच्या पिठाला चिकाटी नसते, ती हाताच्या दाबानं आणि अंगाच्या वजनानं थापत थापत फिरवावी लागते, त्यामुळे हात कोपरापासून बराच खाली पाहिजे. अंदाज असा धरा, चिरायचं-निवडायचं काम कोपराच्या तीन-चार इंच खाली सोपं जातं आणि थापायचं सहा-आठ इंच खाली. सासूबाई पाच फुटाच्या असतील तर मुख्य ओटा ३३ आणि त्यालाच लागून, खिडकीजवळ, अडीच फुटाचा एक तुकडा तीस इंचावर. त्याच्याच शेजारी शेगडीचा भाग पण चार इंच खाली घ्या, कारण शेगडीची उंची आणि वर तवा धरला तर भाकरी शेकताना हात छातीपर्यंत जातो. मोजायचं कसं, तर टेप घेऊन कोपर मोजू नका, डायनिंग टेबलावर, पाटावर, वहीच्या गठ्ठ्यावर परात ठेवून सासूबाईंना खरंच दोन भाकऱ्या थापायला लावा, जिथं त्या "हां" म्हणतील ती उंची. आणि शेंगाचटणी कुटायचा खलबत्ता ग्रॅनाईटवर ठेवू नका, जोडाजवळ हमखास तडा जातो. खाली फरशीवर एक कोपरा त्याचा ठेवा. कडक भाकरी करत असाल घरात तर ती सुकायला एखादा जाळीचा कप्पा, तवा-परात उभी ठेवायला ओट्याखाली फट, एवढं सांगितलं की सुताराला कळतं.

ओपन किचन करा, हरकत नाही, पण सरकतं दार ठेवा मध्ये. ठेच्याच्या मिरच्या तव्यावर पडल्या की सगळं घर खोकतं, पाहुण्यांसकट.

म्हणजे गच्ची, खिडकी, ओटा, मग पंखे, मग कपाटं, आणि सोफा सगळ्यात शेवटी. आणि त्या ३८० फोटोतले ३७० डिलीट करा. दहा ठेवा, ज्यात ऊन दिसतंय ते.

प्रश्न : आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. बाथरूम नवीन करतोय, मुलीला मोठा रेन शॉवर आणि काळ्या रंगाचे नळ पाहिजेत, बायकोला पिंपं ठेवायला जागा पाहिजे. भांडण मिटवा.
— वाचक, विजापूर रोड

उत्तर : वहिनी जिंकल्या. पण मुलीला का नाही म्हणायचं त्याचं कारण तरी नीट सांगा, नुसतं "नको" म्हणालात तर ती रुसेल. शॉवरला प्रेशर लागतं, आणि गच्चीवरच्या टाकीचं प्रेशर उंचीवर असतं, दहा मीटर उंचीला साधारण एक बार. तुमची टाकी बाथरूमच्या वर तीन-साडेतीन मीटर असेल तर जेमतेम पाव ते एकतृतीयांश बार मिळणार, त्यात तो ताटाएवढा शॉवर नुसता ठिबकतो, झारीनं अंघोळ केल्यासारखं. पंप बसवून चालतो, पण मग पाच दिवसांचं पाणी तीन दिवसांत संपतं. हातातला छोटा शॉवर घ्या, त्याला कमी पुरतं.

काळे नळ मात्र अजिबात नकोत. बोअरचं पाणी जड आहे आपल्याकडं, महिन्याभरात त्यावर पांढरे थेंब उठतात आणि ते खरवडायला गेलं की रंग निघतो. काचेच्या पार्टिशनचंही तेच. साधा स्टील फिनिशचा नळ, आठवड्यातनं एकदा व्हिनेगरच्या फडक्यानं पुसायचा.

पिंपांचं असं करा. कोपऱ्यात दोन पिंपं मावतील एवढी जागा चार इंच उंच ओटा करून ठेवा, उताराची फरशी आणि मागं भिंतीला नळाचं एक तोंड पिंपाच्या बरोबर वर, म्हणजे पाणी आलं की पाईप घेऊन घरभर नाचायला नको. पुढनं एक साधं अर्धं दार लावा, पिंपं दिसत नाहीत. आणि वरच्या टाकीबद्दल, हजार लिटर म्हणजे एक टन वजन, ती कॉलम-बीमच्या डोक्यावर आहे का ते कुणा इंजिनिअरला एकदा दाखवून घ्या. लोक स्लॅबच्या मधोमध दोन-दोन टाक्या ठेवतात आणि मग खालच्या खोलीत तडे मोजत बसतात.

प्रश्न : आमच्या घरी खाली चादरीचे चार माग होते. वडिलांनी दोन वर्षांपूर्वी बंद केले, माग भंगारात गेले. आता खाली १८ बाय ३२ चा हॉल मोकळा पडलाय, वर पत्रा, उंची चौदा फूट, खाली शहाबादी फरशी पण तेलानं काळी झालेली. घराच्या दुसऱ्या बाजूला वरच्या दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं. मुलगा म्हणतो मेझनाईन टाकून खाली-वर चार खोल्या करू, फरशी काढून व्हिट्रिफाईड टाईल्स. वडील त्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसतात, काही म्हणत नाहीत. काय करावं?
— वाचक, अशोक चौक परिसर

उत्तर : मी अशा तीन-चार शेडमध्ये काम केलंय, आणि दरवेळी आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा जाणवते ती शांतता. ज्या घरात खाली माग चालायचे त्या घरातली माणसं जोरात बोलतात, माग बंद झाले तरी आवाज काही खाली येत नाही त्यांचा.

चौदा फूट उंची तुम्हाला फुकट मिळालीय, जकार्ड, म्हणजे नक्षी विणायचं यंत्र, मागाच्या वर बसतं म्हणून ती ठेवावी लागायची. ती मेझनाईन टाकून कापू नका. सरळ हिशोब आहे, चौदाचे दोन भाग केले, मधल्या फळ्या-अँगल वजा केले, तर खाली साडेसहा आणि वर साडेसहा, दोन्हीकडं पंखा लावायची पंचाईत. आणि गरम हवा वर चढते, तिथं पत्रा, म्हणजे वरच्या खोल्या मे महिन्यात भट्टी. मुलाला सांगा दुपारी एक शिडी लावून पत्र्याखाली पाच मिनिटं बसून ये, मग बोलू.

त्यापेक्षा वरनं सुरुवात करा. पत्र्याच्या बाहेरच्या बाजूला पांढरा रंग, आतनं पत्र्यापासून थोडं अंतर सोडून बांबूची चटई किंवा इन्सुलेशनचे बोर्ड, आणि भिंतीच्या अगदी वरच्या भागात समोरासमोर झरोके, जाळी लावून. गरम हवा निघून जायला वाट पाहिजे, आपल्या माळवदाच्या घरांत साणं, छतातलं ते भोक, असायचं ना मधोमध, तेच काम. उत्तरेच्या उतारावर एक-दोन पत्रे काढून तिथं दुधी पारदर्शक पत्रा टाका. गिरण्यांची ती करवतीच्या दातासारखी छपरं आठवतात का, त्यांच्या काचा उत्तरेकडं असायच्या कारण तिकडनं उजेड येतो आणि ऊन फार येत नाही, विणकराला सूत नीट दिसायला पाहिजे. तुमच्या घराला तो उजेड शोभेल.

खोल्या करायच्याच तर मागच्या बाजूला दोन, सात फुटाच्या भिंतींच्या, वर मोकळ्या नाहीतर जाळीच्या. पुढचा अर्धा हॉल तसाच राहू दे. एवढी मोठी एकसंध खोली सोलापुरात कितीजणांकडं आहे हो, लग्नाची बैठक सुद्धा घरात होईल.

आता फरशी. ती काढू नका, हात जोडते. शहाबाद आपल्यापासून दीडशे किलोमीटरच्या आतलं गाव, हा आपल्या वाऱ्यापाण्याचा दगड, मे महिन्यात दुपारी त्यावर नुसतं आडवं पडलं तरी झोप लागते. पण कुणी अॅसिडनं घासायला सांगेल, ते चुकूनही करू नका. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, अॅसिड पडलं की तो फसफसतो आणि वरची गुळगुळीत साल जाते, मग कायमची खरखरीत. तेलासाठी आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि नारळाच्या काथ्यानं दोन-तीनदा घासा. राहिलेल्या डागांवर खडूची भुकटी टर्पेंटाईनमध्ये लापशीसारखी कालवून बोटभर जाड थापायची, वर प्लॅस्टिक चिकटवून एक दिवस ठेवायचं, सुकली की खरवडून काढायची. दार-खिडक्या उघड्या आणि जवळपास काडी-शेगडी नको. एका वेळेत जात नाही, तीन-चारदा करावं लागतं आणि तरी थोडी सावली राहते, वीस-पंचवीस वर्षांचं तेल आहे ते. मग मशीन पॉलिश. मागाचे बोल्ट फरशीतनं वर आलेले असतील ते ग्राइंडरनं कापून घ्या, ठेच लागून नख जाईल कुणाचं तरी. वायरिंग सगळं नवीन करा, जुन्या पट्ट्यांत कापसाचं तूस भरलेलं असतं आणि ठिणगी पडायला तेवढं पुरतं. मागासाठी घेतलेलं वीज कनेक्शनपण घरगुती करून घ्यायचं राहिलं असेल तर बघा.

जिथं वडील खुर्ची टाकतात तिथं काय करायचं ते त्यांनाच विचारा. मी एकीकडं न विचारता शोकेस लावलं होतं, ते काढावं लागलं.

प्रश्न : सोलापुरी चादरींचे पडदे कसे दिसतील? आईकडनं आलेल्या सात-आठ चादरी कपाटात पडून आहेत. मैत्रीण म्हणते गावंढळ वाटेल.
— वाचक, होटगी रोड

उत्तर : मैत्रीण पुण्याची आहे का? आपल्या चादरीला आणि टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे म्हणावं तिला. बिनधास्त लावा, पण सगळीकडं नको, एका खोलीत एकच जोडी. चादर साधारण ६० बाय ९० इंचाची असते, म्हणजे दाराला न कापता पूर्ण बसते, वर फक्त रिंगा. कापू मात्र नका, काठ कापला की चादरीचा जीव गेला. जड असते म्हणून रॉड लोखंडी पाहिजे, तो पोकळ नळीचा वाकतो. पश्चिमेला लावली तर उजेड छान अडवते पण एका उन्हाळ्यात एक बाजू विटते, तेव्हा दोन महिन्यांनी उलटी करून लावा, दोन्ही बाजूनी नक्षी असते त्याचा फायदा तो. उरलेल्या दिवाणावर. एक घडी करून सोफ्याच्या पाठीवर टाका आणि त्या मैत्रिणीला चहाला बोलवा.

प्रश्न : किचन ट्रॉलीसाठी दुकानदार म्हणतो "वॉटरप्रूफ प्लाय आहे, डोळे झाकून घ्या". घ्यावं का?
— वाचक, मोदी परिसर

उत्तर : डोळे उघडून घ्या. प्लायच्या शीटवर आयएसआयचा शिक्का असतो. आयएस ३०३ म्हणजे साधं काम, त्यातही एमआर (ओल सोसणारं) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारं) असे दोन प्रकार, कपाटाला चालतं. आयएस ७१० म्हणजे मरीन, सिंकच्या आजूबाजूला तेच पाहिजे. खरं सांगू, सिंकखाली प्लाय लावूच नका, आपली जुनी पद्धत बरी, कडप्प्याचे कप्पे आणि पुढं नुसतं दार, कडप्प्याला ना पाणी लागत ना वाळवी. बाकी ठिकाणी प्लायच्या कापलेल्या कडांवर पट्टी लावून घ्या, पाणी तिथनंच शिरतं. आणि दुकानदाराला म्हणावं शीट उलटी कर, शिक्का दाखव. हो-नाही करायला लागला, "अहो ताई विश्वास ठेवा" म्हणायला लागला, की पिशवी उचलून शेजारच्या दुकानात.